माळ्यावरची बोचकी खाली काढण्याआधी

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका वहिनींचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं देते.

"मला लहानपणापासून सुई-दोऱ्याचा नाद. सध्या पाच कामं अर्धवट आहेत. पहिलं, पुतणीच्या बाळासाठी क्रोशाचं पिवळ्या लोकरीचं दुपटं. तिचे दिवस दिवाळीनंतर भरतात. ९० सेंटीमीटर लांब करायचंय, ३० झालंय. दुसरं, काळ्या चंद्रकळेवरचा कर्नाटकी कशिदा. माझं माहेर निपाणीचं, आईकडून शिकलेय. तिसरं, मॅटीच्या कापडावर फुली टाक्याचे दोन मोर. हे याच पुतणीच्या रुखवतासाठी घेतलं होतं, लग्नाला आता दोन वर्षं होतील. चौथं सासूबाईंचं. त्यांनी बारीक दोऱ्याचे ३५ चौकोन विणून ठेवलेत, मोठा टेबलक्लॉथ करायचा होता, आणि त्या गेल्या. पाचवं, उरल्यासुरल्या लोकरीचे रंगीत चौकोन. शिवाय २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी आल्यापासून लोकर, रिळं, लड्या, कापडं सगळं माळ्यावर बोचक्यांत बांधून पडलंय. कशात काय आहे देव जाणे. पाडव्याला ठरवलं होतं, आहे त्यातच काम भागवायचं, नवीन काही आणायचं नाही. महाद्वार रोडवर गेले आणि सहा लड्या घेऊन आले. जाऊबाई म्हणतात, 'एक ना धड भाराभर चिंध्या.' मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं काम आहे, ते म्हणतात, 'दुकान टाकतेस काय?' एक काम पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम करू का? की सगळं कुणाला तरी देऊन मोकळी होऊ? ता. क. सासूबाईंच्या क्रोशाच्या सुईवरचा नंबर पुसलाय. कुठली सुई ते कसं ओळखायचं?"

वहिनी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नियम करू नका. तसा नियम केलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांचं पहिलं काम संपत नाही, दुसरं सुरू होत नाही, आणि संध्याकाळी त्या हात बांधून टीव्ही बघत बसतात. तुमची पाच कामं एकमेकांच्या वाटेत येणारी नाहीतच मुळी. चंद्रकळेवर धागे मोजायला लख्ख उजेड लागतो. काळ्या कापडावर ट्यूबलाइटखाली मोजायला बसलात तर चार टाक्यांत डोळे चुरचुरतील. ते रविवारी सकाळी खिडकीशी बसून करायचं काम. दुपटं संध्याकाळचं, मालिका बघत बघत होणारं. रंगीत चौकोन तळहाताएवढे, पिशवीत मावतात. निपाणीला जाता-येता एसटीत तासभर मोकळा मिळतो, तिथं चौकोनच विणा. (बसमध्ये भरतकामाची सुई मात्र काढू नका. हायवेवर गाडीनं ब्रेक मारला की सुई कुणाच्या मांडीत जाईल सांगता येत नाही.) आता एक संपेपर्यंत दुसरं नाही असं ठरवलंत, तर एसटीतला तास फुकट आणि रविवार सकाळचा उजेडही फुकट.

जाऊबाईंची म्हण खोटी आहे असं नाही. पण तुमच्या पत्रात मला कामांच्या संख्येपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. पान दोनवर तुम्ही लिहिलंय, "हातात घेतलं की आधी कुठं होते तेच कळत नाही, मग वैतागून परत ठेवते." दुखणं हे आहे. काम अर्धवट राहतं यात काही बिघडत नाही, भलत्याच ठिकाणी अर्धवट सोडलं की ते पुन्हा हातात घ्यावंसं वाटत नाही. भरत-विणकामाच्या वर्गात काम सुरू कसं करायचं आणि संपवायचं कसं हे शिकवतात. मध्येच कसं ठेवायचं हे कुणी शिकवत नाही.

कशिद्यापासून सुरू करू. तुम्हाला गवंती येते, त्यामुळे फोड करून सांगायला नको, पण इतर वाचणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. गवंतीत आधी धावदोऱ्यासारखा एक टाका वर, एक खाली असं नक्षीच्या रेषेवरून जायचं आणि मग त्याच वाटेनं परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही. त्यामुळे सुलट आणि उलट दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. आता गोपुराच्या नक्षीत जाताना वाटेत फांद्या फुटतात. मुख्य रेषेवरून निघून एका फांदीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, पुढं निघायचं. अशा वेळी दाराची बेल वाजली, सुई कापडात टोचून उठलात आणि दोन महिन्यांनी परत बसलात, तर कुठली जागा मुद्दाम सोडलेली आणि कुठली राहून गेलेली हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून कशिदा ठेवायचा तो परतीचा फेरा पूर्ण झाल्यावरच. अगदीच उठावं लागलं तर पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका जिथं वळायचं तिथं घालून ठेवा. काळ्यावर पांढरा लगेच दिसतो, आणि नंतर ओढून काढला की झालं.

क्रोशाचं बरोबर उलटं. बहुतेक जणी ओळ पूर्ण करून ठेवतात, आणि घोटाळा तिथंच होतो. ओळ संपली की वळताना ३ साखळ्या घालायच्या आणि त्या पहिला खांब, म्हणजे उभा टाका, म्हणून धरायच्या, हे हात गरम असताना आपोआप होतं. महिन्यानं बसलं की कधी साखळ्या घालूनही पहिल्या घरात परत खांब जातो, कधी शेवटी त्या साखळ्यांवर खांब घालायचाच राहतो. मग दर ओळीला एक घर वाढतं किंवा कमी होतं, आणि दुपटं एका बाजूनं निमुळतं होत जातं. तुमच्या दुपट्याची डावी कड "आपोआप आत गेलीय" असं लिहिलंय ना, त्याचं कारण हेच असणार. कड सरळ होती त्या ओळीपर्यंत उसवा. चार-पाच ओळी गेल्या तर जाऊ देत. आणि पुढच्या वेळी ठेवताना नवी ओळ सुरू करून आठ-दहा खांब घालून मग ठेवा. नमुना डोळ्यापुढं असतो, वळण झालेलं असतं, हात नुसता पुढं चालवायचा. शेवटचं घर मोठं ओढून त्यात वेगळ्या रंगाचा दोरा ओवून गाठ मारा. पिन लावू नका. आपल्या पावसाळी हवेत साधी पिन गंजते आणि फिक्या लोकरीवर गंजाचा डाग बसला की तो निघत नाही.

तीच गोष्ट मॅटीवर टोचून ठेवलेल्या सुईची आणि रिंगची. रिंगमध्ये कापड तसंच ताणून दोन वर्षं ठेवलंत असं दिसतंय. आज, हे वाचून झाल्या झाल्या, ती रिंग सोडवा. स्क्रूपाशी गंज उतरतो, आणि गोल वळ्या इतक्या पक्क्या बसतात की धुऊन इस्त्री केली तरी जात नाहीत.

प्रत्येक कामाच्या पिशवीत एक चिठ्ठी हवी. सुईचा नंबर, लोकरीचा शेड नंबर आणि लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा एक लॉट), कितवी ओळ चालू, पुढं काय करायचं, एवढं बास. पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई दमट हवेत पसरते आणि लोकरीला लागते. मोबाइलमध्ये लिहून ठेवते म्हणाल तर ठेवा बापड्या, पण दोन वर्षांनी मोबाइल बदललेला असतो आणि पिशवी तीच असते.

आता दुपट्याचं, कारण पाचांत तारीख फक्त याच कामाला आहे. घड्याळ लावून एक तास विणा आणि पट्टीनं मोजा. समजा तासाला ४ सेंटीमीटर होतात. उरलेले ६० म्हणजे १५ तास. आठवड्यातून चार संध्याकाळी अर्धा अर्धा तास धरला तर आठवड्याचे दोन तास, म्हणजे साधारण आठ आठवडे. कडेची झालर आणि सुटे दोरे ओवायला आणखी एक आठवडा. आषाढात बसलात तर दिवाळीच्या कितीतरी आधी हातावेगळं होईल, मध्ये गौरी-गणपतीचे पंधरा दिवस सोडूनसुद्धा. "वेळ पुरणार नाही" म्हणून तुम्ही दोन पानं रडलाय, तिथं हिशेब एवढाच आहे. बाकीची चारही कामं दुपटं संपेपर्यंत थांबवून ठेवायची असं नाही, ती आपापल्या वेळेला चालू देत. फक्त त्या चार संध्याकाळी दुपट्याच्या.

लोकर पुरेल का, हा प्रश्न घाबरत विचारलाय. तीन गुंडे राहिलेत, प्रत्येकी ५० ग्रॅमचे, आणि त्यातला एक वेगळ्या लॉटचा. हे तोलून बघायचं असतं, आणि त्यासाठी गुजरीत सोनाराकडे जायला नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. १० सेंटीमीटर विणण्याआधी गुंडा तोला, विणल्यावर परत तोला. समजा २८ ग्रॅम गेले. म्हणजे ६० सेंटीमीटरला १६८ ग्रॅम लागणार आणि तुमच्याकडे १५०. पुरणार नाही, हे आत्ताच कळलं. शेवटच्या वीतभर जागेत कळलं असतं तर तुम्ही ते दुपटं सहावं बोचकं करून माळ्यावर टाकलं असतंत. तुमच्या यादीत पांढरी लोकर आहे. त्याच जाडीची आहे का तेवढं बघा आणि मधेमधे मिळून १० सेंटीमीटर भरतील असे पांढरे पट्टे घाला. मग पिवळी १४० लागते, १० उरते, झालर पांढऱ्याची. वेगळ्या लॉटचा गुंडा शेवटी लावू नका. नुसत्या डोळ्यांना दोन्ही गुंडे सारखे दिसतात, पण दुपटं अंथरलं की उन्हात सरळ रेघ उमटते. दोन ओळी जुन्या लॉटच्या, दोन नव्या, असं आलटून पालटून गेलात तर फरक मिसळून जातो. पांढरा पट्टा मध्ये आला की तर शोधूनही सापडत नाही.

बाळाचं म्हणून दोन-चार गोष्टी. जाळीचा नमुना नको, बाळाची बोटं भोकांत अडकतात. तुमचे खांब दाट आहेत ते बरं आहे. गोंडे, मणी, बटणं काही लावू नका, जाऊबाई कितीही म्हणाल्या तरी. आणि बाळ एकटं झोपलेलं असताना अंगावर सैल दुपटं नको, हे पुतणीला सांगून ठेवा. मांडीवर घेताना, बाहेर नेताना गुंडाळायला ठीक.

यापेक्षा महत्त्वाचं, माळ्यावर तुम्ही डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्यात. त्या गोळ्यांचा वास लागलेला गुंडा बाळाच्या कामाला घेऊच नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं, आणि ते घरच्यांना ठाऊकही नसतं. अशा बाळाच्या अंगाशी नॅप्थलीन, म्हणजे या गोळ्यांतलं द्रव्य, आलं की लाल पेशी फुटतात आणि कावीळ चढते. अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे न धुता बाळाला घातल्यानं हे झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. दुपट्याचे गुंडे तुम्ही खाली कपाटात ठेवलेत असं लिहिलंय, म्हणून निभावलं. बाळंतविड्याचं बाकीचं, टोपडं, झबली, काहीही त्या गोळ्यांजवळ ठेवू नका.

गंमत म्हणजे तुमच्या बहुतेक लोकरीला त्या गोळ्यांची गरजच नाही. कसर खाते ती प्राण्याच्या केसाची लोकर आणि रेशीम. आपण बाजारात "लोकर" म्हणून घेतो त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते, तिला कसर लागत नाही. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघा, खाली पाण्याची वाटी ठेवून. केस जळल्याचा वास आला, आच काढल्यावर विझला आणि राख बोटानं चुरगळली, तर ती खरी लोकर. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. कागदासारखा भुरुभुरु जळून मऊ राख पडली तर सुती. खरी निघेल ती स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बांधलेल्या सुती पिशवीत, आणि आत वेखंडाचे तुकडे. आपल्या आज्या तेच करत होत्या.

आता सासूबाई. पत्राची चारपैकी दीड पानं यावर आहेत, आणि मला वाटतं माळ्यावर हात घालायला तुम्ही का धजत नाही, तेही त्यातच आहे. "त्यांचं राहिलेलं मी पूर्ण करायला हवं" असं चार वेळा आलंय. त्यांनी तसं सांगितलं होतं का? पत्रात तर नाही. आणि तुम्ही प्रयत्न करून पाहिलात, त्याच दोऱ्यानं विणलेला तुमचा चौकोन त्यांच्यापेक्षा बोटभर मोठा आला. येणारच. त्यांचा हात घट्ट, तुमचा सैल. सुई बदलून जवळ जाता येईल, पण ७०-८० चौकोन दुसऱ्याच्या हातासारखे विणणं ही शिक्षा आहे, आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली नाही.

नवीन चौकोन विणूच नका. ३५ म्हणजे ५ गुणिले ७. तुम्ही दिलेल्या मापानं एक चौकोन १० सेंटीमीटरचा, म्हणजे ५० बाय ७० चं कापड आत्ताच तयार आहे, नुसतं जोडायचं बाकी. मोठ्या टेबलावर नाही पुरणार. चौरंगावर पसरलं तर दोन बाजूंनी छान खाली येईल. यंदा भाद्रपदात गौरी बसतील तेव्हा त्यांच्यापुढं अंथरा. सासूबाईंनी विणलंय तेवढंच, आणि ते पूर्ण.

जोडण्याआधी मात्र सगळे धुवायचे, एकत्र. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून रात्रभर भिजवा, पाणी पिवळं झालं की बदला, दोनदा-तीनदा. चोळू नका, पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सपाट पसरून वाळवा. ब्लीच अजिबात नको. जुनं सूत त्यानं कच्चं पडतं आणि धुताना फुलाच्या पाकळ्या तुटून हातात येतात. एवढं करूनही थोडी पिवळट झाक राहील. राहू दे. उलट जोडायला आणलेला नवा पांढरा दोरा त्यांच्याशेजारी भगभगीत दिसेल, म्हणून तोच खाली आणा: कोऱ्या चहाच्या फिक्क्या पाण्यात लडी दहा मिनिटं बुडवा, काढा, वाळल्यावर लावून बघा. ओला रंग गडद दिसतो, त्यामुळे घाई नको. आणि चौकोनांची लोंबती टोकं कापू नका, सुईनं आत ओवा. सासूबाईंनी ती लांब सोडलीत ती त्याचसाठी.

रुखवताचे मोर. वहिनी, लग्न झालं, पुतणीला दिवसही गेले, आता त्या मोरांचं काय घेऊन बसलाय? एक मोर पूर्ण आहे आणि दुसऱ्याची मान झालीय म्हणता. पहिला मोर कापून त्याच्या चौकटीची उशी करा नाहीतर फ्रेम करा, आणि दुसऱ्याचा दोरा उसवून टाका. पूर्ण करायचाच हट्ट असेल तर आधी नीट बघा, जुन्या फुल्यांत वरचा टाका कुठल्या दिशेला गेलाय. मधल्या काळात हाताची सवय बदलली असेल आणि वरचा टाका उलटा पडायला लागला, तर रंग तोच असून निम्मा मोर वेगळा चमकतो. माझं मत विचाराल तर उसवा.

माळा आत्ता उपसू नका. आषाढाच्या झडीत बोचकी खाली काढली तर घरभर दमट लोकर, आणि ती वाळवायला जागा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात एकेक बोचकं गच्चीवर न्या. सगळी एकदम नकोत. एक उघडायचं, निवडायचं, बांधायचं, मग दुसरं. प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून ठेवलेलं आधी घ्या, कारण ओल आत राहिली असेल तर बुरशी तिथंच. जुन्या उशांचे सुती अभ्रे पिशव्या म्हणून उत्तम. बुरशीच्या काळ्या ठिपक्यांचं, पुराच्या पाण्यात भिजून कुबट वास धरलेलं जे असेल ते टाकून द्या, जीव नका जाळू. जुन्या रिळांचा दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. पटकन तुटला तर तो कुजलाय. असल्या दोऱ्यानं भरतकाम केलंत तर कष्ट तुमचे आणि दोन धुण्यांत नक्षी गायब. भरतकामाच्या लड्या निवडताना त्यांची नंबराची कागदी पट्टी फेकू नका, तो नंबर असला तर अर्धी लडी कमी पडल्यावर तोच रंग परत मिळतो. आणि लाल, किरमिजी, गडद निळा दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. पांढऱ्या कापडावर लाल दोरा सुटला की सगळं संपलं.

उसवलेली वेटोळी लोकर बरीच असेल. तशीच विणायला घेतली तर खांब ओबडधोबड येतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून दांडीवर टांगा आणि खाली एक हलकं वजन अडकवा. वाळली की सरळ. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, एकदा का लोळागोळा झाला की त्यात जीव राहत नाही.

कापडाच्या चिंध्यांचं एक बोचकं आहे, त्याबद्दल लिहायला तुम्ही लाजलात. सुती साड्यांचे आणि परकरांचे तुकडे ना? त्याची वाकळ होते. तुम्ही शिवू नका, सहावं काम काढू नका. वाकळ शिवणारी मावशी गाठा, धावदोरा घालून महिन्याभरात शिवून देईल. जाऊबाईंना पहिली थंडी पडली की तीच पांघरायला द्या. भाराभर चिंध्या म्हणत होत्या, तर घ्या म्हणावं.

दहा ग्रॅमच्या आतल्या लोकरीच्या गुंडाळ्या जवळच्या शाळेत कार्यानुभवाच्या बाईंना नेऊन द्या. "सगळं कुणाला तरी देऊन मोकळी होऊ का" असं विचारलंय, तर तेवढंच द्या. बाकीचं तुमच्या हातातलं आहे. आणि तुम्हाला ते द्यायचं नाहीये, नाहीतर चार पानं लिहिली नसती.

पाडव्याचा नेम मोडला त्याचं फार वाईट वाटून घेतलंय. नेमच आडमुठा होता. काहीच आणायचं नाही म्हटलं की एका लडीसाठी चंद्रकळा वर्षभर अडून राहते, आणि मग कधीतरी बांध फुटून महाद्वार रोडवर सहा लड्या येतात. एखादं काम बंद करायला जे लागतं ते बेधडक आणा: कमी पडलेली लडी, जोडायचा दोरा, उशीचं अस्तर, गंजलेल्या सुईच्या जागी नवी सुई. नवीन काम सुरू करायला लागतं ते मात्र नको, दुपटं पुतणीच्या हातात जाईपर्यंत तरी. त्या सहा लड्यांतले दोन रंग चंद्रकळेत लागणारे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग ती सगळीच उधळपट्टी नाही झाली.

ता. क. चं उत्तर. सुईचं माप तिच्या टोकावरून धरत नाहीत. टोकाच्या वळलेल्या आकड्याच्या (हुकच्या) खाली जो सरळ गोल दांडा असतो, ज्यावर घर बसतं, त्याची जाडी म्हणजे तिचा नंबर. मिस्टर लेथवर काम करतात म्हणजे त्यांच्याकडे व्हर्निअर असणारच. त्यांना म्हणावं, दुकानाचं राहू दे, आधी ही सुई मापून द्या. बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या सुया जेमतेम पाव मिलिमीटरच्या फरकानं बदलतात, १.२५, १.५० अशा, तेव्हा "साधारण सव्वा" असलं उत्तर चालवून घेऊ नका; दोन दशांशांपर्यंत वाचायला लावा आणि तो आकडा चौकोनांच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून टाका.